मंडळाची वेबसाइट करताय? आधी फ्लेक्स बाजूला ठेवा

कोल्हापुरात मंडळांना तोटा नाही. पेठेपेठेत तालमी, तालमींचे फुटबॉल संघ, गल्लोगल्ली तरुण मंडळं, उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयं, भजनी मंडळं, बचत गट. यांतल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी हौसेनं वेबसाइट करून घेतलेली असते. उघडून पाहावी तर वर सरकते फोटो, खाली पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे, आणि ‘आगामी कार्यक्रम’ या मथळ्याखाली तीन वर्षांपूर्वीचं रक्तदान शिबिर. त्या शिबिराची माहिती तरी कशी? चौकात लावलेल्या फ्लेक्सचंच चित्र. फोनवर ते बोटभर दिसतं, ताणलं की अक्षरं फुटतात, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन तिथं ‘इमेज’ एवढंच म्हणून पुढं जातो.

फ्लेक्स असतो मिरजकर तिकटीला सिग्नलवर थांबलेल्या माणसासाठी. वेबसाइट लागते ती तिकटीला न येणाऱ्याला. पुण्यात नोकरीला गेलेला पोरगा, गुडघ्यांमुळं जिना न उतरणाऱ्या आजी, अंध सभासद, गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला गडी. या माणसांना धरून साइट कशी उभी करायची, ते पायरीपायरीनं सांगतो. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. मराठी नीट लिहिता यायला हवं, आणि महिन्यातून तासभर वेळ देणारी दोन माणसं हवीत.

आधी वही, मग संगणक

डिझाइनवाल्याकडं जाण्याआधी सचिवांना आणि खजिनदारांना एका जागी बसवा आणि एवढंच विचारा: लोक तुम्हाला फोन करून काय विचारतात? उत्तरं वहीत उतरवून घ्या. हॉल लग्नाला मिळतो का, भाडं किती. वाचनालय दुपारी बंद असतं का. शववाहिका कोणाकडं मागायची. वर्गणीची पावती कधी मिळणार. आपली मॅच कधी आहे. या यादीत जे वारंवार येतं तेच तुमचं मुखपृष्ठ. ‘अध्यक्षांचे मनोगत’ या यादीत कधीच नसतं, त्यामुळं ते मुखपृष्ठावरही नको. आत कुठंतरी असू द्या, नाराजी कशाला.

पानं पाच पुरतात: मुखपृष्ठ, कार्यक्रम, आमच्याविषयी, देणगी, संपर्क. जास्त पानं म्हणजे जास्त शिळी पानं.

मग मजकूर लिहा, आणि इथं घाई करू नका. साइटचं निम्मं यश इथंच ठरतं. मंडळाच्या नोटिशीची भाषा आपल्या सगळ्यांच्या हाडात बसलेली असते: “सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा नियोजित ठिकाणी व वेळी आयोजित करण्यात आलेली असून सदर सभेस...” अशा वाक्यात तारीख शोधेपर्यंत माणूस दमतो. त्याऐवजी असं लिहा:

“वार्षिक सभा रविवारी सकाळी १० वाजता आहे. जागा: तालमीचा पहिला मजला. जिन्याला १८ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी खालच्या खोलीत बसायची सोय आहे, आदल्या दिवशी सचिवांना कळवा.”

शेवटची दोन वाक्यं फार महत्त्वाची. सुलभ, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशी, वेबसाइट म्हटलं की सगळे रंग आणि बटणांकडं धावतात. पण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो ‘मी तिथं आत जाऊ शकेन का’ हा. पायऱ्या किती, रॅम्प आहे का, स्वच्छतागृह खाली आहे की वर, गाडी दारापर्यंत येते का, हे प्रत्येक कार्यक्रमाखाली लिहायची सवय लावा. सोय नसेल तर ‘नाही’ असं लिहा, तीही माहितीच आहे.

तारीख लिहिताना तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही द्या, सोबत वार आणि वर्ष. ‘चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत अन्नछत्र’ हे इथल्याला कळतं, पण पुण्याहून रजा टाकून येणाऱ्याला तारीख लागते. वर्ष नसेल तर गेल्या साली टाकलेली सूचना यंदाची वाटते. पत्ताही तसाच. ‘नेहमीच्या ठिकाणी’ म्हणजे कुठं, ते नव्याला ठाऊक नसतं. पेठेचं नाव, जवळची ठळक खूण, केएमटी बसचा जवळचा थांबा आणि नकाशाची लिंक, एवढं पुरे.

नाव कुणाच्या नावावर आहे?

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, शक्यतो ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट ओआरजी डॉट इन’ घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो. नाव छोटं ठेवा आणि फोनवर सांगितलं तर ऐकणाऱ्याला लिहिता येईल असं ठेवा. देवनागरीत ‘डॉट भारत’ पत्ताही मिळतो, दिसतो छान, पण टाइप करताना लोक अडतात. तो जोडीला घ्या, एकटा नको.

साधारण असं होतं: मंडळातल्या एखाद्या हुशार पोरानं स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डानं डोमेन घेतलेलं असतं. पोरगा बंगळुरूला जातो, कार्ड बदलतं, नूतनीकरणाचा मेल कुणी वाचत नाही, आणि पत्ता सुटतो. सुटलेला पत्ता कुणीही उचलतं. मग तालमीच्या नावावर जुगाराच्या जाहिराती दिसायला लागतात आणि गल्लीत तोंड दाखवायची पंचाईत होते. म्हणून मंडळाच्या नावाचा वेगळा ईमेल काढा. डोमेन, होस्टिंग (साइटची इंटरनेटवरची जागा), साइट सगळं त्यावर घ्या. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडं असू द्या, दुहेरी पडताळणी चालू ठेवा. आणि हे सगळं कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव करून इतिवृत्तात लिहा. तालमीच्या कुलपाची किल्ली कुणाकडं आहे हे जसं सगळ्यांना माहीत असतं, तसं हे असावं.

बांधायची कशावर? दहा-बारा कार्यक्रम आणि काही फोटो एवढाच पसारा असेल तर गूगल साइट्स फुकट आहे आणि भागतं. बातम्या वरचेवर टाकायच्या असतील, जुनं सगळं शोधता यावं असं वाटत असेल तर वर्डप्रेस घ्या. ते मराठीतही चालतं. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, निवडताना ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी रेडी’ (सुलभतेसाठी तयार) असा शिक्का असलेली घ्या, वर्डप्रेसच्या थीम भांडारात तशी चाळणी लावता येते. पत्त्याच्या सुरुवातीला ‘https’ येण्यासाठी लागणारं सुरक्षा प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवाले आता फुकट देतात. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला ‘का’ असं विचारा.

श्रीलिपीचा गुंता

कोल्हापुरातल्या छपाईवाल्यांकडं अजूनही पुष्कळ काम कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात होतं. कागदावर ते झकास उमटतं. पण तोच मजकूर उचलून साइटवर टाकला की चिन्हांची खिचडी होते, कारण त्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरं असतात आणि वर फक्त मराठीचा मुखवटा. मग डिझाइनवाला सोपा मार्ग काढतो आणि सगळं चित्र करून टाकतो. गाडी तिथंच रुतते.

उपाय एकच: मजकूर मुळातच युनिकोडमध्ये तयार करा, म्हणजे फोनवर आपण जसं मराठी लिहितो तसा. तोच आधी साइटवर टाका आणि नंतर छपाईला पाठवा. क्रम उलटा केला की फसलात. जुने अहवाल फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये आणता येतात, फक्त नंतर जोडाक्षरं, रफार आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ यांवरून एकदा डोळा फिरवा. घोळ तिथंच होतात. फक्त छापील प्रत उरली असेल तर तिचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सनं उघडा, त्यातली मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. आणि टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहा. सत्तरीतले माजी अध्यक्ष जेवढं बोलतील तेवढं कोणी टाइप करणार नाही.

साइटची भाषा मराठी आहे, हेही साइटला सांगावं लागतं. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानावर भाषा मराठी निवडली की काम झालं. यानं दोन गोष्टी साधतात. अंध वाचकाच्या फोनमधला आवाज मराठी वळणानं वाचतो. भाषा इंग्रजी राहिली तर तो अडखळतो, नाहीतर देवनागरी गाळून पुढं जातो. शिवाय चांगल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत.

रंग आणि अक्षर

पिवळ्यावर लाल अक्षरं हा आपला लाडका फ्लेक्स. पडद्यावर तो वाचायला त्रासाचा. वेब सुलभतेचे जागतिक निकष, ज्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, सांगतात की नेहमीच्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा उठाव हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. झळझळीत पिवळ्यावर भडक लाल घेतलं तर हे प्रमाण ३.७ च्या आसपास येतं. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं, जी प्रत्येक मंडळाला हवी असतात, ती तर २.१ वरच अडकतात. भगवा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, कोल्हापुरात तरी नाहीच. त्याच केशरीवर काळी अक्षरं टाकली की प्रमाण जवळपास १० होतं. किंवा पान पांढरं ठेवून मथळे मरून करा, ते ११ च्या घरात जातं. हे आकडे मोजणारी साधनं फुकट आहेत, रंगाचा क्रमांक टाकला की उत्तर येतं.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही मोफत. आकार १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर अक्षराच्या किमान दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांत मुद्दाम अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरकी अक्षरंही नकोत.

कानानं वाचणाऱ्यासाठी

दृष्टिहीन माणूस साइट कशी वाचतो, ते एकदा समजून घेतलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. त्याच्या फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय असते. अँड्रॉइडवर ती टॉकबॅक नावानं आधीपासूनच असते. संगणकावर एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते पान वरून खाली वाचत जातं. पण आपण जसं पेपर चाळतो, तसं तोही चाळतो: मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारत, नाहीतर फक्त लिंका ऐकत.

म्हणून मथळा हा मथळाच असला पाहिजे. अक्षरं ठळक आणि मोठी केली म्हणजे मथळा होत नाही, वाचक-आवाजाला तो साधा परिच्छेदच वाटतो. लिहायच्या चौकटीत ‘हेडिंग’ असा पर्याय असतो तो वापरा. पानाला एक मुख्य, त्याखाली दुसऱ्या पातळीचे.

लिंकांचंही तेच. ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’, ‘अधिक वाचा’, अशी यादी कानावर पडली तर काय कळणार? ‘हॉल बुकिंगचे दर पाहा’ असं लिहा.

फोटोंना पर्यायी मजकूर द्यावा लागतो. फोटो चढवताना त्यासाठी रकाना येतो आणि आपण तो रिकामा सोडून पुढं जातो. काय लिहायचं? शेजारी बसलेल्या अंध मित्राला तो फोटो एका वाक्यात सांगायचा झाला तर जे सांगाल ते. ‘कार्यक्रमाचा क्षण’ हे काहीच नाही. ‘शाहू स्टेडियमवर सामना जिंकल्यावर आपल्या संघातली पोरं गोलरक्षकाला खांद्यावर घेऊन नाचताहेत’ हे चित्र आहे. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर रकाना रिकामा ठेवा, आवाज ती वगळतो. आणि काही कारणानं फ्लेक्सचं चित्र टाकावंच लागलं, तर त्यावरची सगळी माहिती खाली मजकुरात पुन्हा द्या.

सामन्यांचे निकाल, हॉलचे दर, वाचनालयाच्या वेळा हे तक्ते असतात, तेव्हा तक्तेच करा. एक्सेलचा फोटो काढून टाकू नका. फुटबॉलच्या मोसमात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या निकालांवर जीव टाकणारी माणसं घरोघरी आहेत. स्टेडियमची पायरी चढणं ज्याला जमत नाही, तो हा तक्ता घरी बसून ऐकतो.

पान उघडताच आपोआप वाजणारी सनई किंवा शिवगर्जना काढून टाका. उत्साह कळतो, पण वाचक-आवाज त्याखाली बुडतो, आणि निकषही सांगतात की तीन सेकंदांपेक्षा जास्त वाजणारा आवाज बंद करायची सोय हवी. उघडझाप करणारं ‘नवीन’ आणि धावती पट्टी यांनाही रजा द्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणाऱ्या गोष्टीमुळं काही जणांना फिट येऊ शकते.

व्हिडिओ टाकलात तर खाली चार ओळींत तो कशाचा आहे ते लिहा, आणि भाषण असेल तर उपशीर्षकं घाला. बहिऱ्या माणसासाठी हे लागतंच. बसमध्ये आवाज बंद करून बघणाऱ्यांचीही त्यात सोय होते.

अर्ज भरायचा असेल तर प्रत्येक चौकटीच्या वर तिचं नाव लिहा. चौकटीतच फिकट अक्षरांत ‘नाव’ लिहिलं की टाइप करायला लागल्यावर ते गायब होतं आणि माणूस विसरतो कुठं काय भरायचं होतं. विचारा फक्त लागेल तेवढंच. रक्तदान शिबिराच्या नोंदणीला आधार क्रमांक कशाला?

साइटच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीची खूण दाखवून ‘एका क्लिकमध्ये सुलभता’ देणारे जोड मिळतात. ते विकत घेऊ नका. मथळे, पर्यायी मजकूर, रंग हे नीट असेल तर त्यांची गरज नसते, आणि नसेल तर त्यांच्यानं ते होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं माहिती आणि संवाद सर्वांपर्यंत पोहोचवण्याचा विषय कायद्यात आणलाच आहे, पण मंडळानं हे करावं ते आपल्याच सभासदांसाठी.

पुराच्या रात्री उघडणारं पान

फोनमधला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे वीस फोटो मुखपृष्ठावर टाकले की पान उघडेपर्यंत चहा होतो. चढवण्याआधी रुंदी १,६०० पिक्सेलच्या आत आणा, वजन २००-३०० केबीवर येतं. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं.

हलक्या पानाचं महत्त्व कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवा. वीज गेलेली, चार्जिंग संपत आलेलं, नेटवर्कची एक कांडी, आणि सगळ्यांना एकच हवं होतं: पाणी कुठवर आलं आणि जायचं कुठं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा भागांत तुमचं मंडळ असेल तर पावसाळ्याआधी एक वेगळं पान तयार ठेवा. एकही फोटो नाही, फक्त मजकूर. निवारा कुठं आहे, तिथं जनावरं नेता येतात का, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हलवायचं असेल तर मंडळातल्या कुणाला फोन करायचा, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ क्रमांक. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे लिहून ठेवा. पण त्या क्षणाची पातळी स्वतः टाइप करत बसू नका, प्रशासनाच्या पानाची लिंक द्या. जुना आकडा कुणाचा तरी घात करतो. पानाच्या अगदी वर ‘शेवटचा बदल’ आणि वेळ. ती नसेल तर बाकी सगळ्यावर विश्वास कसा ठेवायचा?

फोन क्रमांक बोट लावताच लागला पाहिजे. दिसायला देवनागरी अंक असले तरी त्यामागच्या लिंकमध्ये इंग्रजी अंकच घाला आणि स्वतः एकदा लावून पाहा.

लोक परत का येतील?

आतापर्यंतचं सगळं पाळलं तर साइट वाचता येईल. पण परत परत येऊन वाचावी असं काहीतरी हवं, आणि ते तुमच्याकडं भरपूर आहे. तालमीच्या भिंतीवरचे कृष्णधवल फोटो उतरवा, स्कॅन करा आणि महिन्याला एक टाका: ‘या फोटोतली माणसं ओळखा.’ मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा कोण यावरून जी चर्चा पेटते तिच्यासमोर कुठलीही डिझाइन फिकी. ओळख पटली की नावं फोटोखाली मजकुरात लिहा, म्हणजे नातवंडांनी आजोबांचं नाव शोधलं तर सापडेल.

इतिहासाचं पान मात्र जपून. आपल्याकडं दर दुसरी तालीम शाहूकालीन असते. राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२, खासबागेचं कुस्तीचं मैदान १९१२ चं, त्यामुळं तुमची तालीम त्या काळातली असणं अगदी शक्य आहे. पण कागद असेल तर कागदाचा फोटो टाका आणि त्यातला मजकूर खाली टाइप करा. कागद नसेल तर ‘जुनी मंडळी असं सांगतात’ असं लिहा. ती आठवणही मोलाची आहेच, तिला सनावळीचा खोटा टेकू कशाला. आणि जुन्या मंडळींचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या. आवाज आणि त्याखाली लिहिलेला मजकूर, दोन्ही टाका.

भाषा कोल्हापुरीच ठेवा. आठवणींत, सामन्यांच्या वर्णनांत ‘नाद खुळा’ येऊ द्या. तारीख, पत्ता, पैसे या ठिकाणी मात्र साधं, सरळ लिहा.

साइट लोकांपर्यंत जाणार ती व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिथं लिंक टाकल्यावर मथळा आणि छोटं चित्र दिसतं. ते नीट दिसण्यासाठी प्रत्येक पानाला स्वतःचा मथळा, एका ओळीचं वर्णन आणि १,२०० बाय ६३० पिक्सेलचं चित्र ठरवून द्या. वर्डप्रेसमध्ये अजून एक खोच आहे: पानाचं नाव मराठीत दिलं की त्याचा पत्ताही मराठीत तयार होतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवल्यावर त्याची टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेली दोन ओळींची माळ होते. लोक तिला व्हायरस समजतात. पान प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याचा भाग हातानं बदलून छोट्या रोमन अक्षरांत करा.

पैसे आणि चेहरे

देणगीच्या पानावर सगळे क्यूआर कोड टाकतात. आता जो माणूस फोनवरच साइट बघतोय, त्यानं स्वतःच्या पडद्यावरचा कोड कशानं स्कॅन करायचा? सोबत यूपीआय आयडी आणि खात्याचं नाव मजकुरात द्या, निवडून उचलता येईल असं. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी असेल तर क्रमांक लिहा. आयकर खात्याची देणगी-सवलतीची मान्यता (८०जी) चालू असेल तरच करसवलतीचा उल्लेख करा, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही हेही सांगा. परदेशातला पेठकर पैसे पाठवायला उत्सुक असतो. तो भारतीय नागरिक असेल आणि नेहमीच्या बँक मार्गानं पाठवत असेल तर अडत नाही, पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. पानावर एका ओळीत हे स्पष्ट करा.

सभासदांची यादी फोन क्रमांकांसह साइटवर टाकू नका. १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो पालकांची लेखी संमती घेऊनच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही लहान मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते. आणि कायदा बाजूला ठेवून सांगतो, वह्या किंवा व्हीलचेअर घेणाऱ्याला मधे उभं करून सहा पदाधिकाऱ्यांनी काढलेला फोटो टाकूच नका. वह्यांच्या गठ्ठ्याचा टाका.

पाच माणसं, एक कट्टा

साइट जाहीर करण्याआधी तपासा. क्रोम ब्राउझरमधलं लाइटहाउस हे तपासणीचं साधन पहिल्या फेरीला चांगलं. मशीन ठळक चुका दाखवतं, पण पर्यायी मजकुरात ‘फोटो’ एवढंच लिहिलं तरी ते खूश असतं. खरी परीक्षा माणसांची.

पाच जण गोळा करा: साठीच्या पुढची एक काकी, स्वस्त फोनवाला एक पोरगा, कमी दिसणारा किंवा अंध एक जण, फक्त एका हातानं फोन वापरणारा कुणी, आणि मंडळाशी काही संबंध नसलेला एक. प्रत्येकाला त्याच्याच फोनवर एक काम द्या. “काकी, पुढची सभा कधी हाय ते शोधा बघू.” मग गप्प बसा. सर्वात अवघड तेच. बोट पुढं करून ‘इथं दाबा’ म्हणायचा मोह होतो. पण साइट वापरणाऱ्याच्या शेजारी तुम्ही नसणार. कुठं थांबल्या, कुठं चुकीचं दाबलं, कुठं चष्मा वर केला, एवढं टिपा. तीन जण एकाच ठिकाणी अडले तर दोष पानाचा.

एकदा हे दुपारी उन्हात, कट्ट्यावर बसून करा. खोलीत सुबक दिसलेली करडी अक्षरं तिथं नाहीशी होतात. अक्षरांचा आकार दुप्पट करून पाहा, काही कापलं जाता कामा नये. बटणं बोटाला सापडतील एवढी हवीत: निकषांची किमान मर्यादा २४ पिक्सेल आहे, मी ४४ ठेवतो.

आणि स्वतः टॉकबॅक लावून पाच मिनिटं साइट वापरा. लावण्याआधी ते बंद कसं करायचं ते वाचून घ्या, कारण चालू झाल्यावर फोनची सगळी चाल बदलते: उजवीकडं बोट सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की उघडते. डोळे मिटून तुम्हाला हॉलचं भाडं सापडलं, तर साइट तयार.

वर्षभराचा राबता

साइट सांभाळायला एक तरुण आणि एक ज्येष्ठ अशी जोडी नेमा. तरुणानं टाकायचं, ज्येष्ठानं वाचून पाहायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी झालेले कार्यक्रम ‘झालेले’मध्ये हलवा आणि पुढचे टाका. पुढचं काहीच ठरलेलं नसेल तर ‘सध्या कार्यक्रम नाही, पुढचा गणेशोत्सवात’ असं लिहा. वर्डप्रेसचे अपडेट त्याच बैठकीत उरका आणि साइटची एक प्रत काढून मंडळाच्या ड्राइव्हवर ठेवा. कार्यकारिणी बदलली की नावं, फोन क्रमांक आणि पासवर्ड त्याच आठवड्यात बदलायचे. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख तालमीच्या फळ्यावर खडूनं नाही, रंगानं लिहा.

शेवटी साइटचा पत्ता वर्गणीच्या पावतीपुस्तकावर छापून घ्या. क्यूआर कोड किमान अडीच सेंटीमीटरचा, पांढऱ्या कोऱ्या जागेत, आणि त्याखाली पत्ता साध्या अक्षरांत. छपाईवाला कोडाच्या मधोमध मंडळाचं बोधचिन्ह बसवतो म्हणाला तर आधी एक प्रत काढून तीन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करून बघा, मगच हजार पावत्यांची ऑर्डर द्या.